सतरा चुका

सोमवार, ३ मार्च

अकरा महिन्यांनी हातात काम आलं. मालकांनी स्वतः फोन केला, म्हणजे दुसरं कुणी मिळालं नसणार. प्रकाशनाचा तो अरुंद जिना चढताना गुडघ्यांनी कुरकुर केली. माझं टेबल मात्र खिडकीशी जसंच्या तसं आहे. त्यावर कुणीतरी पाकिटांचे गठ्ठे रचले होते. ते आधी खाली ठेवले, मग बसले.

मालक म्हणाले, "कात्रीबाई, स्पष्ट बोलतो. तीन लेखकांनी तुमच्याबद्दल तक्रार केली. त्यांचं पुस्तक त्यांनाच ओळखू आलं नाही म्हणे. हे शेवटचं. या लेखिकेनं तक्रार केली तर टेबल दुसऱ्याला द्यावं लागेल."

मी म्हटलं, "लेखिकेला लिहिता येत असेल तर तक्रारीची वेळच येणार नाही."

"तोच तर घोटाळा आहे. लिहिता अजिबात येत नाही. पण गोष्ट तोंडी सांगितली ना, दहा मिनिटं, तर माझा चहा गार झाला. सायकॉलॉजिकल थ्रिलर आहे. लोक उभ्या उभ्या वाचतील. तुम्ही फक्त भाषा माणसांत आणा."

कात्री हे नाव मला याच ऑफिसनं दिलं. एके काळी ते कौतुकानं घ्यायचे.

हस्तलिखित पेन्सिलीनं लिहिलंय, जाडजूड रजिस्टरांच्या कोऱ्या पानांवर. लेखिका बस स्थानकावरच्या हरवले-सापडले कक्षात नोकरी करते. तिथं जमा झालेल्या वस्तूंवर डाग पडू नये म्हणून पेन वापरू देत नाहीत, त्यामुळे तिला पेन्सिलीचीच सवय. हे मात्र माझ्या पथ्यावर पडलं. मी पानावर खाडाखोड करत नाही. चूक रबरानं खोडते आणि त्याच जागी बरोबर लिहिते. डीटीपीवाल्याच्या हातात टाइप करायला जातं ते पान असं दिसतं, की जणू लेखकाला पहिल्यापासून हेच म्हणायचं होतं.


बुधवार, ५ मार्च

पहिली दोन प्रकरणं. देवा!

नायिका मोठ्या आजारातून उठून थोरल्या बहिणीच्या घरी राहायला येते. पहिल्या तीन पानांत ती नऊ वेळा शहारते. काळीज धडधडतं, छाती धडधडते, एके ठिकाणी तर भिंतसुद्धा धडधडते. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी तीन तीन उद्गारचिन्हं. मी रबर घेऊन बसले आणि टेबलावर चुऱ्याचा ढीग लागला.

पण खरं सांगायचं तर वाचण्याच्या नादात गॅसवरचं दूध उतू गेलं. ही थोरली बहीण बोलायला इतकी गोड आहे, की तिच्या प्रत्येक वाक्यानंतर मला मागे वळून बघावंसं वाटलं. बाईला लिहिता येत नाही आणि सांगता मात्र येतं, हे कसं काय?

माझी रीत ठरलेली आहे. एक प्रकरण वाचायचं, स्वच्छ करायचं, मगच पुढचं उघडायचं. शेवट आधी वाचणाऱ्याला मी संपादक म्हणत नाही. इथं तर शेवट वाचायची सोयही नाही. शेवटचं प्रकरण लेखिका पुन्हा लिहितेय, महिनाअखेर देणार आहे.

दुपारी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. वाक्य अडखळतं कुठे ते कानालाच कळतं. हे गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच, आणि एरवी त्या पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर घोरतात. आज शेवटपर्यंत जाग्या होत्या. त्यांचं स्टूल पलंगाच्या उशाशी अडचण करत होतं, ते उठता उठता खिडकीखाली सरकवलं. तिथं शोभतं.


शनिवार, ८ मार्च

सहाव्या प्रकरणापर्यंत आले. भाषेचं एक वेळ ठीक, पण तपशिलांचा नुसता गोंधळ! पहिल्या प्रकरणात पडद्याला निळा काठ, चौथ्यात हिरवा. भिंतीवरच्या घड्याळाची काच सुरुवातीला तडकलेली, पाचव्यात धड. नायिकेच्या कपाचा टवका कधी कानाजवळ, कधी समोरच्या बाजूला. माझी तपशीलवही बाहेर काढली आणि एकेक टिपायला लागले. पहिल्या उल्लेखाशी पुढचे सगळे जुळवून टाकायचे, हा माझा नियम. आठ झाल्या. शिवाय एक सासूबाईंना वाचून दाखवता दाखवता सापडली, वही हाताशी नव्हती, तिथल्या तिथे रबर फिरवला आणि वाक्य पुन्हा वाचलं.

त्या म्हणाल्या, "अगं, त्या घरात कुणीतरी काहीतरी करतंय."

"आई, करतंय कोण? लेखिका विसरतेय."

"असेल बाई," म्हणाल्या, आणि पदराशी चाळा करत बसल्या.


रविवार, ९ मार्च

सकाळी सासूबाई खोलीच्या मध्यभागी उभ्या. "स्टूल इथं नव्हतं गं माझं."

"आई, खिडकीखालीच तर असतं."

"उशाशी होतं. मी हात लांब केला की पाण्याचा जग लागायचा."

"जग टेबलावर असतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्टुलाकडे. एक्याऐंशी वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. पण मला चरचरलं. ज्या बाईला माझ्या लग्नाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं नाव पाठ होतं, तिला स्वतःचं स्टूल आठवू नये?


मंगळवार, ११ मार्च

चार ठिकाणी अक्षर लागेना, म्हणून बस स्थानकावर गेले. हरवले-सापडले कक्ष म्हणजे एक लांबट खोली, छतापर्यंत फळ्या, आणि जाळीच्या खिडकीमागे आमची लेखिका. पस्तिशीची असेल. बारीक, बुजरी, मान खाली घालून बोलणारी. मी प्रकाशनातून आले म्हटल्यावर तिनं आधी स्वतः बसायची खुर्ची पुसून मला दिली.

एक गृहस्थ छत्री मागायला आले. तिनं रजिस्टर उघडलं. मी सवयीनं डोकावले. नोंद अशी: 'छत्री, काळी. आठपैकी एक काडी वाकलेली, बंदापासून तिसरी. मुठीला पांढरा दोरा, दोन गाठी.' गृहस्थांना दोऱ्याच्या गाठी सांगता येईनात. छत्री मिळाली नाही. बराच वेळ तणतणत होते, पण ही बुजरी बाई तसूभरही हलली नाही.

मला म्हणाली, "खूण चुकली की वस्तू भलत्याच्या हातात जाते. बारा वर्षांत माझ्याकडून एकदाही गेली नाही."

परत येताना मनात म्हटलं, गंमत आहे. नोकरीत दोऱ्याच्या गाठी मोजणारी ही बाई कादंबरीत पडद्याचा रंग लक्षात ठेवू शकत नाही! तिला तपशिलांच्या चुका दाखवणार होते, पण तिचा चेहरा बघून धीर झाला नाही. उगाच ओशाळली असती. गुपचूप सुधारून टाकाव्यात, तिला कळायचीही गरज नाही. लोक मला कात्री म्हणतात, पण मलाही मन आहे.


शुक्रवार, १४ मार्च

सासूबाईंच्या औषधाच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या. किती दिवस ते वेडंवाकडं डोळ्यांत खुपत होतं.


रविवार, १६ मार्च

सासूबाई बाटल्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एकेक डोळ्यांजवळ नेऊन वाचत होत्या. "सकाळची कोणती तेच कळेना," म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की मला आधी वाटलं रेडिओ चालू आहे. मी बाटली काढून दिली. त्यांनी गोळी घेतली आणि माझा हात धरून ठेवला, बराच वेळ.

विसरण्याच्या आजारावरचे डॉक्टर आहेत, त्यांची वेळ घेतली. चार एप्रिल. सासूबाईंना सांगितलं तेव्हा "तू म्हणशील तसं," एवढंच म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं असं निमूट ऐकलं. मला रडू आलं, ते स्वयंपाकघरात जाऊन उरकलं.


मंगळवार, १८ मार्च

पंधरावं प्रकरण. मागची सगळी स्वच्छ करून डीटीपीला गेली. धडधड या प्रकरणाच्या नऊ पानांत एकदाच येते आणि जिथं येते तिथं खरंच घाबरायला होतं. स्वतःचीच पाठ थोपटावी इतकं सुरेख झालंय.

सासूबाईंना आता मी सुधारलेलीच प्रत वाचून दाखवते. आज मधेच म्हणाल्या, "गोष्ट निवली गं."

"म्हणजे?"

"आधी त्या घरात पाठीमागून कुणीतरी वावरतंय असं वाटायचं. आता नुसत्याच दोन बहिणी बोलतायत."

मी जरा फणकाऱ्यानंच पानं गोळा केली. पूर्वी भिंत धडधडत होती तेव्हा यांना आवडत होतं!


गुरुवार, २० मार्च

लेखिका ऑफिसात आली होती. पहिल्या सहा प्रकरणांची छापील पानं मी तिच्यापुढे ठेवली आणि श्वास रोखून बसले. ती सावकाश वाचत होती. एकदा हसली, म्हणाली, "धडधड कमी झाली ते बरं झालं." पुढे चौथ्या प्रकरणाशी थांबली. एका ओळीवर बोट ठेवलं. मागचं पान उलटलं, पुन्हा पुढे आली. तोंड उघडलं आणि मिटलं.

"काही राहिलंय का?" मी विचारलं.

"नाही. तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला जास्त कळतं."

पानं नीट जुळवून तिनं टेबलाच्या कडेला ठेवली आणि गेली. भाषा आवडली असावी. मालकांनी दारातून अंगठा दाखवला. टेबल वाचलं म्हणायचं.


गुरुवार, २७ मार्च

शेवटचं प्रकरण आलं. उद्या शांतपणे वाचेन. आज तपशीलवहीची बेरीज केली. बावीस प्रकरणांत पंधरा चुका पकडल्या. एवढ्या कुणाच्याच नव्हत्या.


शुक्रवार, २८ मार्च

हात थरथरतोय. मी कुणाच्या तरी लिखाणातलं हे वाक्य लगेच खोडलं असतं.

शेवटच्या प्रकरणात नायिका माळ्यावरची पेटी उघडते. पेटीत घरातल्या वस्तूंची जोडी आहे. निळ्या काठाचा पडदा. तडकलेल्या काचेचं घड्याळ. कानाजवळ टवका उडालेला कप. थोरली बहीण एकेक वस्तू गुपचूप बदलत होती, तशीच दुसरी आणून ठेवत होती, जराशी वेगळी. नायिकेनं विचारलं की गोड आवाजात सांगायची, "अगं, हे असंच होतं. तू विसरतेस." बारा महिने. ती स्वतःला वेडी समजायला लागेपर्यंत.

आणि मग नायिका वाचकाला म्हणते: 'पेटीत सतरा वस्तू होत्या. तुम्हीही त्या बदलताना पाहिल्या आहेत. तुम्हालाही वाटलं असेल, सांगणारीच चुकतेय. मागे जा आणि मोजा.'

मागे जाऊन मोजणाऱ्याला आता काहीही सापडणार नाही. सगळे पडदे निळ्या काठाचे आहेत. सगळ्या घड्याळांची काच तडकलेली आहे. मी ते घर नीटनेटकं करून ठेवलंय.

मूळ पानांवर माझं रबर फिरलंय. पानं बोटांनी चाचपूनही पाहिली, काही लागत नाही. माझं काम नेहमीच सफाईचं.


शनिवार, २९ मार्च

रात्र कशी गेली ते लिहीत नाही.

दुपारी घरीच टेबलाशी बसले. चार ओळी आहेत. 'पेटीत सतरा वस्तू होत्या' पासून 'मोजा' पर्यंत. त्या चार ओळी काढल्या तर पेटीत फक्त काही जुन्या वस्तू उरतात, शेवट जरा मवाळ होतो, पण कुणाच्या लक्षात येणार नाही. लेखिका बोलणारी नाही. मालकांनी शेवट वाचलेला नाही. टेबल राहतं. मी रबर हातात घेतलं. रबर झिजून नखाएवढं झालं होतं, म्हणून नवं आणायला सासूबाईंच्या खोलीत गेले, त्यांच्या कपाटात एक असतं.

त्या झोपल्या होत्या. खण उघडला तर आत चिठ्ठ्या. कॅलेंडरच्या कागदाचे चौकोनी तुकडे, त्यांच्या मोठ्या, हलत्या अक्षरात.

'स्टूल: उशाशी, डावीकडे. (नक्की.)'

'सकाळची गोळी: पुढून पहिली बाटली. बुटकी. (नक्की.)'

'चष्म्याचं घर: रेडिओवर.'

'जग: स्टुलावर. मी टेबलावर ठेवत नाही. (विचारू नये. ती चिडते.)'

मी तिथंच पलंगाच्या कडेला बसले. वही आणून मागची पानं उलटली. ही वही, जिच्यात आता लिहितेय. पाच मार्च: स्टूल खिडकीखाली सरकवलं. नऊ मार्च: खिडकीखालीच तर असतं. चौदा मार्च: बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या. माझ्याच हाताचं अक्षर. चष्म्याचं घरही मीच उचलून खणात टाकते, रेडिओवर बरं दिसत नाही म्हणून. आणि दरवेळी गोड आवाजात सांगते.

मी वाईट मनानं केलं नाही, हे इथं लिहून ठेवावंसं वाटतंय. पण ज्या बाईनं चिठ्ठ्या लिहिल्या तिला त्याचा काय उपयोग?

खणातलं रबर खणातच राहू दिलं. चार ओळींना हात लावला नाही.


सोमवार, ३१ मार्च

मालकांना सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"त्या चार ओळी काढल्या असत्या तर मला जन्मात कळलं नसतं."

"नसतंच कळलं."

"मग सांगितलंत कशाला?"

"पुस्तकावर नाव तिचं आहे. शेवट फसला तर लोक तिला हसतील. सात वर्षं लिहितेय ती."

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाले, "छपाई सात तारखेला. ती हलणार नाही. तोवर सगळ्या चुका परत घाला. आणि लेखिकेला तुम्हीच सांगा. टेबलाचं तिच्या तक्रारीवर."

तशीच बस स्थानकावर गेले. जाळीच्या खिडकीत ती कुणाच्या तरी बॅगेच्या चेनचे दात मोजत होती. मी सांगत होते आणि तिची मान खाली खाली जात होती. मला वाटलं रडतेय. पण तिनं वर पाहिलं तेव्हा डोळ्यांत भलतंच काहीतरी होतं.

"म्हणजे तुम्हाला कळलंच नव्हतं?"

"नाही."

"चौथ्या प्रकरणात मला दिसलं होतं. मला वाटलं, तुम्हाला डाव पोरकट वाटला म्हणून काढलात. तेव्हापासून रोज वाटत होतं, कशाला लिहिली ही कादंबरी, परत मागून घ्यावी." आणि मग ती बुजरी बाई चक्क खळखळून हसली. "बाई, तुम्हीसुद्धा फसलात! म्हणजे जमलंय की!"

जन्मात कुणी माझ्या फजितीवर इतकं मनापासून हसलं नव्हतं. मलाही हसू फुटलं. रांगेतली माणसं आमच्याकडे बघत राहिली.


बुधवार, २ एप्रिल

कामावरून सुटली की ती ऑफिसात येते. माझ्या वहीत पंधरा. तिला स्वतःला तेरा आठवतात, जुनी पानं तिनं कधीच फाडून टाकलीत. दोन्ही याद्या ताडून पाहिल्या तर सोळा होतात. सतरावी काही केल्या सापडत नाही.

चुका परत घालणं हे सुधारण्यापेक्षा अवघड आहे हे आज कळलं. हिरवा काठ असा टाकायचा, की वाचणाऱ्याला तो लेखिकेचा विसराळूपणा वाटला पाहिजे. ती एकेक वाक्य सांगते, मी लिहिते. दोनदा तिनं माझं वाक्य मोडलं आणि म्हणाली, "हे फार छान झालंय. जरा वाईट करा." मी केलं. पूर्वी कुणी असं म्हटलं असतं तर मी चौथी तक्रार ओढवून घेतली असती.

डीटीपीवाला कंटाळून म्हणाला, "अहो, सतराचं सोळा करा की! कोण मोजतंय?"

लेखिका हळूच म्हणाली, "करूया का?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही दोऱ्याच्या गाठी न सांगता छत्री दिली असतीत?"


गुरुवार, ३ एप्रिल

आज लेखिकेला घरीच बोलावलं. सासूबाईंच्या खोलीत बसलो, कारण उजेड तिथं चांगला. दोघी याद्या वाचत होतो, डोकं धरत होतो. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. हल्ली त्या कुणी आलं की बोलत नाहीत, आपलं काही चुकेल म्हणून.

लेखिका म्हणाली, "सगळं लिहून झाल्यावर एक घातली होती. दोन ओळींच्या मधे, बारीक अक्षरात. आठवतच नाही."

भिंतीकडून आवाज आला, "पायपुसणं."

आम्ही दोघी वळलो.

"पायपुसण्याचं काय केलंत?" सासूबाई उठून बसल्या. "पहिल्यांदा ती त्या घरात पाऊल टाकते तेव्हा दाराशी पायपुसणं आहे, त्याचा एक कोपरा कुरतडलेला. मग पुढे ती पळून जायला निघते, तेव्हा दाराशी अडखळते, आणि पायपुसण्याला चारही कोपरे धड! मी मनात म्हटलं, बदललं गं बदललं. तेवढ्यात तू थांबलीस, म्हणालीस 'हे चुकलंय,' आणि खोडून पुन्हा वाचलंस. सहावं प्रकरण. त्या दिवशी तू खिचडीत मीठ विसरली होतीस."

लेखिकेनं दोन्ही हात तोंडावर नेले. "तेच! तेच ते!"

आणि मग तिनं सासूबाईंना विचारलं, "आजी, अजून काय काय दिसलं होतं तुम्हाला?" सासूबाईंनी सांगायला सुरुवात केली. पडदा. घड्याळ. कप. किल्ल्यांच्या जुडग्यातली तिसरी किल्ली. बोटं मिटत मिटत, एकेक, प्रकरणासकट. मी सुधारण्याआधी कानावर पडलेल्या सगळ्याच्या सगळ्या. मी याद्या बघत होते आणि मला अक्षरं दिसेनाशी झाली.

लेखिका गेल्यावर मी खणातून चिठ्ठ्या काढल्या आणि त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. त्या एकदम कावऱ्याबावऱ्या झाल्या. हात पुढे करून झाकायला लागल्या.

"आई, स्टूल मी हलवलं होतं."

त्यांचे हात थांबले.

"बाटल्याही मीच. चष्म्याचं घरही मीच. जग स्टुलावरच असायचा. तुमचं सगळं बरोबर होतं. मी चुकीचं सांगत होते आणि मलाच ते कळत नव्हतं."

मला वाटलं, आता चिडतील, आणि चिडाव्यात असंच वाटत होतं. त्यांनी फक्त माझ्या कानामागची पेन्सिल काढून घेतली. पहिली चिठ्ठी मांडीवर ठेवली, वाचली, आणि शेजारी बरोबरची खूण केली. मग दुसरी. मग तिसरी. शाळेत मास्तर करतात तशी, जोर देऊन. 'विचारू नये. ती चिडते' अशी एक होती, तिच्यावरही केली.

सगळ्या झाल्यावर म्हणाल्या, "मी म्हटलं, आता मी गेलेच हातची. रोज रात्री तुझ्या लग्नातले पाहुणे मोजायची. ते पुरे भरायचे. म्हणायची, पाहुणे आठवतात आणि स्टूल कसं आठवत नाही?" आणि त्या रडल्या, मीही रडले, आणि मग त्यांनी मला एक धपाटा घातला. चांगला सणसणीत.

उद्याची डॉक्टरांची वेळ रद्द केली.


सोमवार, ७ एप्रिल

पुस्तक छापायला गेलं. तेवीस प्रकरणं, सतरा चुका, जागच्या जागी. सकाळी पायपुसण्याचे कोपरे शेवटचे तपासून घेतले.

मालकांनी लेखिकेला समोर बसवून विचारलं, "तर बाई, तक्रार?"

तिनं पिशवीतून एक कागद काढला. रजिस्टरमधल्यासारखी नोंद केली होती: 'वस्तू, सतरा. संपादिकेकडे राहिल्या होत्या. सर्व मिळाल्या, खुणा पटल्या.' खाली सही. म्हणाली, "आमच्याकडे वस्तू परत मिळाली की एवढंच घेतात."

मालकांनी कागद वाचला, घडी घातली आणि माझ्याकडे सरकवला. "ठेवा तुमच्या टेबलाच्या खणात. आणि पुढच्या वेळी शेवट आधी वाचायचा." मी बरं म्हटलं. ही रीत मोडायची मला लाज वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटली.


शुक्रवार, २३ मे

पुस्तक आलं. पहिली प्रत लेखिका स्वतः घेऊन आली, सासूबाईंसाठी. आत लिहिलंय: 'ज्यांना सगळं दिसलं त्यांना.' ऑफिसात वाचकांची पत्रं येऊ लागलीत. निम्म्यांनी कळवलंय की पुस्तकात संपादनाच्या ढोबळ चुका आहेत, आणि मग खाली, वेगळ्या शाईत, 'आत्ताच शेवट वाचला, माफ करा.' मालक ती पत्रं मला मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवतात. दाखवोत.

सासूबाई दुसऱ्यांदा वाचतायत, स्वतःच, भिंग घेऊन. खूण म्हणून पानांत स्टुलाची चिठ्ठी घातलीय. संध्याकाळी चहा घेऊन गेले तर त्यांचा सकाळचा कप खिडकीच्या अगदी कडेला होता, अर्धा बाहेर. माझा हात आपोआप पुढे गेला. मधेच थांबवला.

"आई, हा कप आत ठेवू का?"

त्यांनी भिंगावरून वर पाहिलं.

"असू दे. मला ठाऊक आहे तो कुठे आहे."

मी नवा चहा स्टुलावर ठेवला, उशाशी, डावीकडे, आणि आपल्या कामाला लागले.